लाल गाडीचं रडणं

त्या गुरुवारी अमरावतीत, अंबापेठेतल्या कमलाकांत वकिलांच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. फाटकाबाहेर चपलांचा ढीग पडला होता, कंपाउंडच्या भिंतीवर माणसं बसली होती आणि समोरच्या गच्चीवर बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या. वलगावहून, चांदूर रेल्वेहून लोक आले होते. कोणी एसटीनं, कोणी टेम्पोत उभ्यानं. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात फ्रेम केलेला फोटो. आता तुम्ही विचाराल, दर्शन होतं तरी कोणाचं? देवीचं? एखाद्या समाधीचं? छे हो! मोटारीचं.

होय, मोटारीचं. दोघांपुरती, बुटकी, उघड्या टपाची लाल विलायती गाडी. वकिलांच्या वडिलांनी कुण्या कापसाच्या जिनिंगवाल्याकडून हौसेनं घेतलेली. एके काळी ही वाऱ्यासारखी पळायची म्हणे. आता तिच्या टायरखाली लिंबू, आरशाला बिब्बा-मिरच्या आणि बॉनेटवर हळदीकुंकवाचा सडा.

"चूप बसा! आत्मा येऊन राह्यला!" पुंजारामबाबांनी हात वर केला, आणि एवढी गर्दी क्षणात चिडीचूप झाली.

कमलाकांतांनी चावी फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि लागलं. मग बॉनेटखालून तो आवाज आला. आधी बारीक, मग वाढत गेलेला, लांबलचक, घशात अडकत अडकत येणारा. तोंडात पदराचा बोळा कोंबून कोणी रडावं तसा. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आल्याशिवाय राहत नसे. गर्दीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. वलगावची माणिकबाई तर हातातला फोटो गाडीसमोर धरून गुडघ्यांवरच बसली.

"अव माय व, कसा रडून राह्यला व लेकरू!"

बाबांना आता सूर सापडला. "भाविकहो, हे इंजन नाई, हे शरीर हाय! चार सिलिंडर म्हंजे चार वेद! चार गिअर म्हंजे चार आश्रम! अन् रिव्हर्स गिअर म्हंजे काय? रिव्हर्स गिअर म्हंजे पुनर्जन्म! ज्याचा रिव्हर्स पडत नाई, तो असा रडत राह्यते!"

वकिली करून डोक्यावरचे केस पांढरे झालेला माणूस हे ऐकून मान डोलवत होता. समोरच्या साक्षीदाराला उलटतपासणीत घाम फोडणारे कमलाकांत या बाबाला एकही प्रश्न विचारत नव्हते. मग बाबांनी बॉनेट उचललं, काळा दोरा काढला, ओठांतल्या ओठांत पुटपुटत इंजिनाच्या पोटाशी वाकले आणि दोऱ्याची गाठ मारली. रडणं थांबलं. नुसती इंजिनाची घरघर उरली. अंगणात जयजयकार झाला.

दारात उभ्या असलेल्या शैलाबाईंनी जयजयकार केला नाही. त्यांनी चौकट घट्ट धरली होती. सारी नोकरी त्यांनी मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवली. ध्वनी म्हणजे हवेची कंपनं, हे त्यांनी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. पण फळ्यावर लिहिणं वेगळं आणि आपल्या अंगणात आपलाच मुलगा रडताना ऐकणं वेगळं. कारण तो आवाज ईशानचा आहे, असं सगळे म्हणत होते. आणि खरं सांगायचं तर, शैलाबाईंनाही तो ईशानचाच वाटत होता.

ईशान त्यांचा एकुलता एक. मागच्या श्रावणात चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली. आजोबांची ती पडीक गाडी त्यानंच रविवारी रविवारी खपून चालती केली होती. तो गेला आणि गाडीवर ताडपत्री पडली. घरात सुतक सरलं, तरी वर्षाची पाळणूक होती. वर्षश्राद्ध होईतो घरात शुभकार्य नाही, नवं काही सुरू करायचं नाही, सणाला गोड नाही, लग्नाबिग्नाचा तर विषयही काढायचा नाही. कमलाकांतांनी ते सारं काटेकोर पाळलं. गाडीची ताडपत्रीसुद्धा वर्षभर उचलू दिली नाही.

वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सून मैथिली सासूसासऱ्यांसमोर बसली. ती अचलपूरच्या शाळेत चित्रकला शिकवायची, रोज एसटीनं जाऊन येऊन करायची. मान खाली घालून तिनं सांगितलं की शाळेतल्या श्रीरंग नावाच्या सहकाऱ्यानं तिला लग्नाचं विचारलंय आणि तुमचा आशीर्वाद असेल तर तिला हो म्हणायचंय. कमलाकांत उठून अंगणात गेले. शैलाबाईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माझी ना नाही, बाळा." तोंडानं म्हणाल्या. मनात एक कोपरा मात्र असा होता की त्याला वाटत होतं, ही पण चालली.

त्याच संध्याकाळी कमलाकांतांनी ताडपत्री काढली. ईशानचा दोस्त गुलफाम, ज्याचं बडनेरा रोडवर गॅरेज आहे, तो नवी बॅटरी घेऊन आला. गाडी सुरू झाली आणि रडली.

मैथिलीच्या हातातला पाण्याचा तांब्या तिथंच पडला.

गुलफाम काही साधासुधा मेकॅनिक नव्हता. आवाज ऐकून रोग सांगतो, अशी त्याची शेखी होती, आणि ती बरीचशी खरीही होती. त्यानं लांब पेचकस इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावली. टॅपेट तपासले. पट्टा बदलला. डायनामो वेगळा करून पाहिला. दोन दिवस अंगणात तेलकट हात घेऊन बसला आणि तिसऱ्या दिवशी हात टेकले.

"काकू, खुदा कसम, इंजनाची नाडी न् नाडी पाह्यली मी. बिमारी नाही. अन् अजीब गोष्ट पाहा, गाडी पळवली का चूप, अन् घरी आणून उभी केली का रडते. आता मी काय बोलू? हे आपल्या पान्या-पकडीचं काम नाही." जाताना त्यानंही गाडीला लांबूनच हात जोडले.

मग कमलाकांतांच्या एका पक्षकारानं पुंजारामबाबांना आणलं. वलगावच्या पुढं यांचा मठ. बाबांनी गाडीभोवती फेरी मारली, नाकानं वास घेतला, आणि निदान केलं. पोराला कळलंय, बायको दुसरीकडं चाललीय. म्हणून तो रडून राहिलाय, घर सोडून जायला तयार नाही. मी बंध बांधतो, तो गप्प राहील. पण बंध गुरुवार ते गुरुवार. दर गुरुवारी मी आल्याबरोबर बंध सोडणार, त्याला मन मोकळं करू देणार आणि पुन्हा बांधणार.

बातमी शहरात फिरली आणि मग गावोगाव. ते वर्षच तसं होतं. वऱ्हाडातल्या खेड्याखेड्यांत भिंतींवर नवे फोटो लागत होते, नव्या हारांसकट. सरकारी जीपगाड्या धुरळा उडवत येत, माणसं चौकशी करून जात, पेपरात शेतकरी-आत्महत्यांचे आकडे छापून येत. गेलेल्या माणसाशी दोन शब्द बोलायची सोय मात्र कोणीच करून देत नव्हतं. ती पुंजारामबाबांनी केली. वकिलाच्या गाडीत वकिलाचा पोरगा आहे, तर त्याच्या मागं आपलंही माणूस बसलं असेल, एवढ्या आशेवर बाया फोटो घेऊन यायच्या. त्यांना हसायची कुणाची छाती आहे?

बाबा मात्र चढत्या भाजणीनं मागत गेले. आधी मैथिलीनं गुरुवारी उपाशी राहावं. मग श्रीरंगला नकार कळवावा. तिनं कळवला. शेवटी फर्मान निघालं की सर्वपित्री अमावस्येला सुनेनं सगळ्यांदेखत गाडीवर हात ठेवून शपथ घ्यायची. दुसरं घर करणार नाही आणि जन्मभर मठात राहून सेवा करीन. आणि आत्म्याचं आसन म्हणून गाडीही मठात हलवायची. चावीसकट बरं का! बिचाऱ्या आत्म्याला पायी कसं न्यायचं?

मैथिली हो म्हणाली. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती. तिच्या मनानं घेतलं होतं की मी तोंड उघडलं त्याच दिवशी तो रडायला लागला, आता याला आणखी काय पुरावा हवा?

एक दिवस दुपारी घरात कोणी नव्हतं. कमलाकांत कोर्टात, मैथिली शाळेत. शैलाबाईंनी खुंटीवरची चावी काढली. गुरुवारच्या त्या बाजारात त्यांना ईशानला धड ऐकता येत नसे. सगळ्या गावाचा होऊन गेला होता तो. त्यांना आपल्यापुरता, एकटीला ऐकायचा होता. त्यांनी गाडी सुरू केली. पण बाबांचा बंध होता. इंजिन नुसतं घरघरत राहिलं.

"ईशान," त्या हळूच म्हणाल्या. आपलाच आवाज ऐकून त्यांना भडभडून आलं. मग त्यांनी बॉनेट उघडलं, भाजीची सुरी आणली आणि काळा दोरा कापून टाकला.

काही झालं नाही. बंध सुटला तरी ईशान गप्पच.

शैलाबाई सुरी हातात धरून उभ्या राहिल्या. आणि त्या दुःखातही डोक्यात कुठंतरी जुनी खडू-फळ्याची सवय जागी झाली. दोऱ्यामुळं आवाज थांबतो, असं म्हणणं आहे. दोरा काढला. आवाज आला नाही. मग थांबवणारा दोरा नव्हे. दुसरं काय आहे इथं?

दोरा एका लोखंडी पट्टीला बांधलेला होता. इंजिनात तेल किती आहे हे पाहायला एका बारीक नळीत ही पट्टी खोचलेली असते, ती उपसायची आणि तेलाची खूण बघायची. ही पट्टी दोन बोटं वर आली होती. दोऱ्याचा गोळा नळीच्या तोंडाशी कोंबून ती तशीच अडकवली होती. घरात एखादं झाकण अर्धवट दिसलं की हात आपोआप जातो ना, तसा त्यांचा हात गेला. गोळा काढून त्यांनी पट्टी खाली दाबली.

ऊं... ऊं... ईशान रडायला लागला.

शैलाबाई दचकून मागं सरल्या. मग पुढं आल्या. पट्टी वर ओढली. आवाज बंद. खाली दाबली, रडणं सुरू. वर, गप्प. खाली, रडणं. आपण मुलाचा गळा दाबतोय आणि सोडतोय, असं त्यांना वाटलं आणि त्याच वेळी पक्कं कळून चुकलं की इथं गळाच नाही. कुठलाही मुलगा लोखंडी पट्टीच्या हुकमानं आईला हाक मारत नसतो.

आता इथं गोष्ट संपायला हवी होती. कोणाही शहाण्या माणसानं त्याच पावली फोनकडं धाव घेतली असती. शैलाबाईंनी काय केलं? पट्टी खाली दाबून ठेवली, गाडीत जाऊन बसल्या आणि इंजिन तापेपर्यंत डोळे मिटून ते रडणं ऐकलं. मग पट्टी होती तशी वर अडकवून, दोरा पुन्हा बांधून घरात आल्या. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. खोटं आहे हे माहीत होतं. पण खरं सांगितलं की हा आवाज जाणार होता. आणि मैथिलीही जाणार होती. मठात गेली तर निदान वलगावपर्यंत जाऊन तिला पाहता येईल, हा विचार मनात आला तेव्हा त्यांची त्यांनाच किळस आली. तरी त्या बोलल्या नाहीत.

अमावस्येच्या आदल्या दिवशी मैथिली आपली खोली आवरत होती. रंगांच्या ट्यूब, ब्रश, कागद सगळं तिनं एका पिशवीत भरलं होतं, शाळेतल्या मुलींना वाटायला. पलंगावर मठातून आलेलं पांढरं लुगडं होतं.

"आई," ती म्हणाली, "मी गेले की तो थांबेल ना रडायचा? त्याला बरं वाटेल ना?"

एवढीशी पोर, तिनं कुणाचं काय वाकडं केलं होतं? मेलेल्या नवऱ्याला बरं वाटावं म्हणून ती जिवंतपणी स्वतःला बांधून द्यायला निघाली होती, आणि ते बांधणारी गाठ कुठं आहे हे या घरात एकट्या शैलाबाईंना ठाऊक होतं. त्या बाहेर आल्या आणि गुलफामला फोन लावून त्यांनी पट्टीचं सगळं सांगितलं.

सर्वपित्रीच्या दुपारी पितरांचा घास भिंतीवर ठेवून झाला होता. कावळे येऊन गेले होते. अंगण गच्च भरलं होतं. बाबांनी आल्याबरोबर बॉनेटखाली वाकून बंध सोडला, कमलाकांतांनी चावी फिरवली, गाडी रडू लागली.

"सूनबाई, ये. हात ठेव. बोल, मी..."

पांढरं लुगडं नेसलेली मैथिली पुढं झाली.

"थांब, मैथिली," शैलाबाई पायऱ्या उतरून आल्या. "बाबा, आजचा बंध मी बांधते."

"बाईमानसाचं काम नाई ते, माय. मंत्र लागते त्याले."

"येतो मला मंत्र." त्या इंजिनावर वाकल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बे एके बे! बे दुणे चार!" आणि पट्टी वर ओढली.

रडणं टपकन थांबलं.

पण बाबा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "पाहा! पाहा भाविकहो! माह्या गुरूची किरपा बाईच्या अंगात उतरली!" आणि काय सांगू, निम्म्या गर्दीनं शैलाबाईंना हात जोडले! मास्तरीणबाईंची आता बाईमाता व्हायला फारसा वेळ उरला नव्हता.

"हात खाली करा!" त्या वर्गात ओरडावं तशा ओरडल्या. "माणिकबाई, तुम्ही या इकडं."

"मले नाई येत व बाई मंत्र."

"मंत्र राहू द्या. ही पट्टी दिसते? नुसती खाली दाबा."

माणिकबाईनं भीत भीत बोट लावलं. गाडी रडली. चटका बसल्यासारखा तिनं हात काढला.

"आता वर ओढा."

आवाज गेला. माणिकबाई आपल्याच बोटाकडं पाहत राहिली. मग भिंतीवरचा एक जण उडी मारून आला, "मी पाहू का?" त्यानं पाहिलं. मग दुसऱ्यानं. कुणी रामाचं नाव घेतलं, कुणी काहीच म्हटलं नाही, गाडीला फरक पडत नव्हता. एकामागून एक माणसं येत होती, ईशानला रडवत होती, गप्प करत होती. शैलाबाई ते सगळं उभ्यानं ऐकत राहिल्या. त्यांना ते सोसत नव्हतं, पण त्यांनी कोणालाही थांबवलं नाही.

"पन रडते त खरं ना, बाई?" गर्दीतून कोणी विचारलं. "चालत्या गाडीत कावून नाई रडत मंग?"

"ते गुलफाम दाखवील," शैलाबाई म्हणाल्या.

गुलफामनं गाडी बंद केली, इंजिनाच्या अंगाला असलेला एक चपटा डबा उघडला आणि वर धरला. "हे पाहा. इंजनाच्या पोटात धूर-वाफ होते, ते हा डबा ओढून घेते. ह्याच्यात रबराचा पडदा असते. तो फाटला. आता हवा त्या फाटीतून ओढल्या जाते अन् पडदा थरथर करते."

"पेटी पाहिली ना भजनातली?" शैलाबाईंनी सूत्र हातात घेतलं. "भात्यातली हवा पातळ पट्टीवरून गेली की सूर निघतो. इथं भाता म्हणजे इंजिन. गाडी उभी असते तेव्हा इंजिन ही हवा सगळ्यात जोरानं ओढतं, म्हणून उभी गाडी रडते. पळवली की ओढ कमी होते, म्हणून गप्प. आणि पट्टी वर केली की हवेला दुसरी वाट मिळते, ती फाटीतून जातच नाही. यात कोण बसलंय? कोणी नाही."

"मले कावून नाही समजलं मालूम हाय का?" गुलफाम चिडून म्हणाला. "तेल पाहाचं त इंजन बंद करून पाहाचं, हे आमी पहिल्या दिवशी शिकतो. चालू इंजनाची पट्टी कोनताच मेकॅनिक उपसत नाही." बोलता बोलता त्यानं डब्यातलं रबर काढलं, उजेडात धरलं आणि त्याचा चेहराच उतरला. "काकू... ही सायकलची ट्यूब हाय. माह्याच गॅरेजातली. ईशाननं कापली होती. मी म्हटलं, अरे, सायकलचं रबर तेलात फुगते, टिकत नाही. तो म्हने, मुंबईहून पडदा येईलोक चालते ना यार. मंग तो गेलाच. माह्या ध्यानातच नाही राह्यलं."

शैलाबाईंनी ते रबर तळहातावर घेतलं. तेलानं फुगून मऊ, बुळबुळीत झालेलं, कडेला फाटलेलं. कात्री कशीबशी फिरवून गोल कापलेलं. ईशानला कधीच सरळ कापता यायचं नाही.

तोवर गर्दीचा रंग बदलला होता. चारदोघांनी बाबांची मानगूट धरली होती, कुणी चप्पल काढली होती.

"सोडा त्याला!" शैलाबाई म्हणाल्या. "बोलू द्या."

पुंजारामबाबांचं अवसान पार गळालं होतं. "मायची आन, बाई, पयल्या दिवशी मीच भेलो होतो. मी आपले चार जागी दोरे बांधले. एक त्या पट्टीले बांधला, पट्टी जराशी वर आली अन् आवाज बंद! मले वाटलं, माह्या हातात खरंच काही आलं. मंग घरी जाऊन इचार केला. पयले मी जीपवर डायवर होतो. तवा समजलं."

"आणि समजल्यावर?"

"समजल्यावर लोकं पाया पडत होते," बाबा म्हणाले आणि खाली पाहू लागले.

कमलाकांत पायरीवर मटकन बसले. "एक प्रश्न," ते पुटपुटले. "एक साधा प्रश्न नाही विचारला मी याला."

एवढ्यात माणिकबाई शैलाबाईंसमोर आली. छातीशी फोटो तसाच धरलेला. "मंग माहा पोरगा, माहा शेषराव, कुठी हाय, बाई? गाडीत नाई, त मंग कुठी हाय?"

याला भौतिकशास्त्रात उत्तर नाही. शैलाबाईंनी तिचा हात धरला.

"तुमचा शेषराव गेला, माणिकबाई. माझा ईशानही गेला. या गाडीत कोणी नाही. मला दहाबारा दिवसांपूर्वीच कळलं होतं, तरी मी रोज दुपारी चोरून ऐकत बसत होते. एवढं वेड लागतं. म्हणून तुम्हाला मी हसणार नाही." मग त्या सगळ्यांकडं वळल्या. "रडायचं ना? मग आपल्या तोंडानं रडा, आपल्या माणसांत बसून रडा. मी पण रडते. पण आपल्या रडण्यावर जो गादी मांडून बसेल, त्याच्या तोंडाकडं पाहू नका. त्याच्या हाताकडं पाहा. हात कुठं गेला, काय ओढलं, काय दाबलं, ते विचारा. देव असेल तर तो प्रश्नाला घाबरणार नाही. घाबरेल तो माणूसच असेल."

लोक हळूहळू पांगू लागले. मैथिली मात्र गाडीजवळ तशीच उभी होती.

"आई, यंत्र कळलं मला," ती म्हणाली. "पण त्याच दिवशी का? मी सकाळी बोलले आणि संध्याकाळी... वर्षभर कधी नाही, आणि नेमकं त्याच दिवशी?"

हा प्रश्न बरोबर होता. बाबाचा सगळा डोलारा त्यावरच तर उभा होता. शैलाबाई तिच्याजवळ आल्या.

"बाळा, वर्षभर गाडी सुरू तरी कोणी केली होती का? वर्ष पाळायचं म्हणून आम्ही ताडपत्री उचलू दिली नाही. रबर आत तेलात कुजत पडलं होतं. ज्या दिवशी सुरू केली असती, त्या दिवशी रडलीच असती. आणि तू तरी वर्षभर का गप्प होतीस?"

"वर्ष व्हायचं होतं ना," मैथिली म्हणाली. आणि बोलता बोलता तिची नजर वर आली. "वर्षश्राद्ध झाल्याशिवाय कसं बोलणार होते मी?"

"झालं तर मग. दोन्ही गोष्टी आम्हीच अडवून धरल्या होत्या आणि दोन्ही एकाच दिवशी सोडल्या. यात ईशान कुठंच नाही. तू काहीसुद्धा चुकीचं केलं नाहीस."

मैथिली खाली बसली आणि दोन्ही हातांत तोंड लपवून हमसून हमसून रडली. पाठीवर चढवून ठेवलेलं ओझं उतरताना माणूस असं रडतं.

दरम्यान गुलफाम कापूस बाजाराकडच्या एका दुकानातून फवारणीच्या पंपाचं रबर घेऊन आला. कीटकनाशकातसुद्धा कुजत नाही असलं जाड, काळं रबर. त्यातून त्यानं नीट मापानं पडदा कापला, डब्यात बसवला, पट्टी पूर्ण खाली दाबली आणि चावी शैलाबाईंच्या हातात दिली. "काकू, तुमीच करा."

त्यांनी चावी फिरवली. इंजिन लागलं. एकसारखं, शांत, फक्त इंजिनासारखं. त्या वाट पाहत बसल्या. काही आलं नाही. येणार नव्हतंच. आता यापुढं तो आवाज कधीही येणार नव्हता. मग शैलाबाईंनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि वर्षभर जे रडल्या नव्हत्या ते सगळं रडून घेतलं. माणिकबाई गेली नव्हती. ती गाडीच्या दाराशी बसून त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

दिवेलागणीला मैथिली उठली. पांढरं लुगडं बदलून आली आणि फोनपाशी उभी राहिली. कमलाकांतांनी ते पाहिलं. माणूस दुपारी खजील झाला होता खरा, पण सवय जात नसते.

"श्रीरंगला करतेस? कर, कर, माझी काही ना नाही," ते चाचरत म्हणाले. "फक्त आज सर्वपित्री आहे गं. अमावस्येला असं बोलणं नको. पितृपक्ष संपू दे. उद्या घटस्थापना, उद्या कर."

मैथिलीचा हात रिसीव्हरवर थांबला. तिनं सासूकडं पाहिलं.

"अडवू नका हो तिला," शैलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रडून बसला होता. "एक वर्ष थांबलो, त्याचं काय झालं ते पाहिलं ना आज? मैथिली, लाव फोन."

मैथिलीनं अचलपूरचा नंबर फिरवला.